तपासणीची कानस

शुक्रवारी दुसऱ्या तासाला भूपाल चौगुले खांद्यावर पोतं घेऊन कार्यशाळेच्या दारात आले. कुणाला काही विचारलं नाही. मधल्या मोठ्या टेबलापाशी गेले, पोतं उपडं केलं, आणि आमच्या मुलांनी बनवलेले साठ-सत्तर खटके खणखणत टेबलावर पडले. दोन घरंगळून खाली गेले. ते कुणी उचलले नाहीत.

मग चौगुल्यांनी तोंडावर धरलेला टॉवेल बाजूला केला. वरचा ओठ करंजीसारखा फुगला होता आणि समोरचा एक दात जागेवर नव्हता.

"हे कुणाचं काम?" त्यांनी विचारलं. विचारलं ते माझ्याकडे बघून. मी बारा वर्षांच्या सवयीनं मुलांकडे बघितलं.

ही सवय कशी लागली ते आधी सांगायला हवं. मिरज-तासगाव रस्त्यावरच्या एका गावात तांत्रिक विद्यालय होतं, तिथं मी कार्यशाळेचा निदेशक. मुलं मला हेर्लेकर सर म्हणत. नोकरीला लागलो तेव्हा अंगात रग होती. मुलांनी वर्षभर लोखंडाचे चौकोन घासायचे, त्यावर मार्क घ्यायचे आणि वर्ष संपलं की ते चौकोन भंगारात घालायचे, हे मला बघवेना. म्हणून मी मुलांचा कारखाना काढला. चार लेथ, एक ड्रिल, एक भट्टी आणि बारा व्हाइस एवढाच त्याचा पसारा. पण माल खरा होता, गिऱ्हाईक खरं होतं आणि चालवणारी मुलं होती. नववी-दहावीची वीस-बावीस पोरं आपल्यातूनच एक व्यवस्थापक निवडत, एक भट्टीवाला, एक तपासनीस. काय बनवायचं, कुणी बनवायचं, कुणाला कामावरून काढायचं, सगळं त्यांच्या सभेत ठरे. सभा संपताना व्यवस्थापक उभा राहून विचारी, "सर, काही सांगायचंय?" आणि मी म्हणे, "नाही. तुमचा कारखाना, तुम्ही बघा."

पहिल्या वर्षी हे वाक्य म्हटलं तेव्हा मला माझाच अभिमान वाटला होता. बाराव्या वर्षापर्यंत ते तोंडातून आपोआप निघायला लागलं होतं. रग केव्हाच ओसरली होती. मुख्याध्यापकांचे खुलासे, शिक्षण खात्याचे तक्ते, गळणारे पत्रे आणि दर वर्षी तीच चौदा-पंधरा वर्षांची नवी तोंडं. मुलांच्या कामात लुडबूड करायची नाही, हे आधी माझं तत्त्व होतं. पुढं पुढं ती माझी सोय झाली. कधी झाली ते मला सांगता येणार नाही.

त्या वर्षी आम्ही खटके बनवत होतो. द्राक्षाच्या मांडवाची तार ताणून धरायला खटका लागतो. हँडल फिरवलं की तार गुंडाळीवर चढते, आणि गुंडाळी उलटी फिरू नये म्हणून दात्यांच्या चाकात एक पोलादी जीभ अडकते. खटक्याचा सगळा जीव त्या जिभेत. ती कडक हवी. मऊ राहिली तर चार दिवस ताण धरते, पाचव्या दिवशी तिची कड मोडते आणि तार सुटते. चौगुल्यांनी नव्या बागेसाठी चारशे खटके घेतले होते. त्यातले जवळजवळ निम्मे आठवड्याच्या आत सुटले होते, आणि एकाचं हँडल गरकन उलटं फिरून त्यांच्या तोंडावर बसलं होतं.

व्यवस्थापक जयवंत यादव होता. हुशार, नीटनेटका, बोलण्यात मोठ्या माणसासारखा. त्यानं चौगुल्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. मग एक खटका व्हाइसमध्ये धरला आणि आपल्या टेबलावरची कानस जिभेवर ओढली. कानस चावली. लोखंडाचा बारीक कीस खाली पडला. दुसरा खटका घेतला, तिसरा घेतला. कीस पडतच राहिला. सगळ्या वर्गाला त्याचा अर्थ कळला. मग एकेक करून सगळी वैजयंताकडे बघायला लागली, कारण प्रत्येक जिभेवर तिचा ठप्पा होता.

वैजयंता काशीद आमची तपासनीस. दहावीतली. कारखान्यात एवढ्या वर्षांत आलेल्या तीन मुलींपैकी ती एक, आणि तपासनीस झालेली पहिलीच. तपासणीची आमच्याकडे एक रीत होती, मीच घालून दिलेली. भट्टीवाला जीभ लाल करून पाण्यात विझवी, म्हणजे पोलादाला पाणी देई. मग तपासनीस प्रत्येक जिभेवर कानस ओढी. कानस चावली की तुकडा मऊ, परत भट्टीत. कानस घसरली की तुकडा कडक, आणि त्यावर ठप्पा. या कामाची कानस वेगळी असे. ती फडक्यात गुंडाळून तपासनिसाच्या पेटीत कुलपात राही. तिनं दुसरं काही घासायचं नाही, दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. मुलं तिला देव्हाऱ्यातल्या देवासारखी जपत. त्या कानशीवर कुणी कधी शंका घेतली नव्हती.

"तू तपासल्या होत्यास?" जयवंतनं विचारलं.

"सगळ्या," वैजयंता म्हणाली. "एकूण एक."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "घाईघाईत ठप्पं मारलं असतील." ती वळली नाही, पण तिचा कान लाल झालेला मला दिसला.

चौगुले मोठ्या मनाचे निघाले. ओरडले नाहीत. दसऱ्यानंतर छाटणी आहे, तोवर चारशेच्या चारशे जिभा नव्या करून द्या, एवढंच म्हणाले. जाताना मात्र दारात थांबले आणि मला म्हणाले, "मास्तर, पोरांचं काम हाय म्हणून आम्ही घेतो. पण तार पोरांची नसती." मी मान हलवली. मला तेव्हा फक्त तास संपायला हवा होता.

आता वैजयंताचं काय पणाला लागलं होतं ते सांगतो. शहरातला एक मोठा कारखाना दर वर्षी आमच्याकडून एक विद्यार्थी उमेदवारीला घेई. तीन वर्षं काम शिकायचं, राहायची सोय त्यांची, आणि पुढं बहुधा तिथंच नोकरी. नाव मुलांची सभा ठरवी, पत्रावर सही माझी. बहुतेक वेळा तपासनिसाचं नाव जाई, कारण तपासनीस म्हणजे ज्याच्या शब्दावर माल बाहेर पडतो तो. त्या वर्षी पत्रात वैजयंताचं नाव जाणार हे जूनपासून ठरल्यासारखं होतं. कारखान्याला मुलगी चालेल का, असंही मी विचारून ठेवलं होतं. त्यांनी चालेल म्हणून कळवलं होतं.

तिच्या घरी या पत्रावर बरंच अवलंबून होतं. तिचे वडील रघुनाथ काशीद, एस.टी. स्टँडसमोर त्यांचं केस कापायचं दुकान. दर रविवारी मी त्यांच्याकडेच दाढी करत असे. माणूस भला, पण घरात शब्द थोरल्या भावाचा. त्या थोरल्यानं सांगून ठेवलं होतं, पत्र आलं तर पोरगी शिकेल, नाही तर दहावी झाली की घरी बसेल, मग स्थळं बघू. हे रघुनाथरावांनीच मला साबण लावता लावता सांगितलं होतं. पत्र पाठवायची शेवटची तारीख पुढचा मंगळवार होती.

शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर सभा भरली. मी नेहमीसारखा मागच्या स्टुलावर बसलो. सदाशिव लोहार भट्टी सांभाळायचा, त्याला आधी उभं केलं. त्याचे आजोबा, पणजोबा सगळे भात्यावर बसलेले, त्यामुळं पाणी देण्यात त्याचा भारी तोरा. त्या दिवशी मात्र तो खाली बघून बोलला. चारशे जिभा तीन दिवसांत उरकायच्या होत्या म्हणून त्यानं एकाच पिंपात विझवल्या, पाणी बदललं नाही, पाणी कोमट होत गेलं असणार. त्यानं चूक सरळ कबूल केली आणि शेवटी म्हणाला, "पण माझी चूक धरायलाच तपासणी असती की. ती कशाला ठेवल्या मग?"

 खरंच होतं ते.

मग वैजयंता उभी राहिली. वेणी घट्ट, हातात तपासणीची पेटी. जयवंतनं तिला विचारलं, एक मऊ जीभ नजरेतून सुटली तर समजू शकतो, दीडशे-दोनशे कशा सुटतील? ती म्हणाली, मी प्रत्येक जिभेवर कानस ओढली, प्रत्येकीवर कानस घसरली, म्हणून ठप्पा मारला. जयवंत म्हणाला, मऊ पोलादावर कानस घसरत नाही, हे तर नववीच्या पुस्तकात आहे. पोरं हसली. ती हसली नाही.

"आणखी काही सांगायचंय तुला?" जयवंतनं विचारलं.

तिनं पेटी हातात फिरवली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, चांगलं दहा मोजेपर्यंत. तो बघण्याचा प्रकार रागाचा नव्हता. पाहुण्याची वाट बघत दारात उभं राहावं, तशी बघत होती.

"मला काही सांगायचं नाही," ती म्हणाली आणि खाली बसली.

हात वर झाले. वैजयंताला तपासणीवरून काढायचं ठरलं. पत्रात तिच्याऐवजी जयवंतचं नाव घालायचं ठरलं. ते जयवंतला थोडं अवघड गेलं, त्यानं दोनदा नको म्हटलं, पण दुसरं कुणी नव्हतंच. मग तो रीतीप्रमाणं माझ्याकडे वळला.

"सर, काही सांगायचंय?"

"नाही," मी म्हणालो. "तुमचा कारखाना, तुम्ही बघा."

सायकल घेऊन घरी गेलो, जेवलो, झोपलो. चांगली झोप लागली, हेही सांगून टाकतो.

रविवारी सकाळी रघुनाथरावांच्या दुकानात जाऊ की नको असा विचार मनात आला. पण गेलो नाही तर जास्त दिसेल असं वाटलं. दुकानात मी एकटाच होतो. त्यांनी नेहमीसारखा खुर्चीवरून टॉवेल झटकला, गळ्याभोवती पांढरं कापड बांधलं, गालाला साबण फासला. ऊसदर, पाऊस, स्टँडवर नवीन झालेलं हॉटेल, सगळं बोलून झालं. मग वस्तरा पट्ट्यावर घासता घासता म्हणाले,

"पोरीला काढलं म्हणं कामावरनं."

मी हूं केलं.

"शुक्रवारी सांजचं ती कानस घिऊन आल्ती घरी. शाळंची वस्तू घरी आणली म्हणून मी वरडलो. तर म्हणाली, बाबा, वरडू नका, निस्ता अंगठा फिरवा हिच्यावरनं." त्यांनी माझी हनुवटी वर केली आणि कानाखालून वस्तरा सुरू केला. "फिरवला अंगठा. सर, तिला तोंडच न्हाई. पार गुळगुळीत. हा माझा पट्टा तिच्यापरास खरबरीत असंल. लोण्यावर वडली तरी घसरंल ती, मग जीभ मऊ का कडक, तिला काय कळायचं?"

 वस्तरा गळ्यावर असताना बोलता येत नाही, ही एक सोय असते.

"हत्यार बोथट झाल्यालं वापरणाऱ्याला लवकर उमगत न्हाई," ते म्हणाले. "रोज थोडं थोडं झिजतंय, हाताला सवय हुती. माझं बी हुतंय. गिऱ्हाईक तोंड वाकडं करतंय तवा कळतंय. पोरीचं तसंच झालं. म्हटलं, उद्या सभेत सांग, कानस काढून दाव सगळ्यांस्नी. तर न्हाई म्हणाली."

"का?" मी विचारलं. त्यांनी वस्तरा उचलला होता.

"म्हणाली, सरांना म्हाईत हाय."

त्यांनी वस्तऱ्यावरचा फेस पुसला, दुसऱ्या गालाकडे आले.

"मग मी बी निवांत झालो. सरांना म्हाईत हाय म्हंजे काम झालं. पोरांचं काय, पोरं हात वर करत्यात. पत्रावर सही तुमची असती न्हवं? थोरल्याला बी तसंच सांगितलंय, सर बघत्यात म्हणून."

दाढी झाली. त्यांनी तुरटी फिरवली, आरसा धरला. मी पैसे पुढे केले तर घेतले नाहीत. पोरीच्या सरांकडून एवढ्याशा दाढीचे काय घ्यायचे, म्हणाले. आजवर दर वेळी घेत होते.

मला माहीत होतं. हे मी मघापासून सांगायचं टाळत आलो, आता सांगतो. सभेच्या तीन आठवडे आधी, मधल्या सुट्टीत, माझ्या सायकलच्या पेडलची खीळ वर आली होती. हाताशी दुसरं काही नव्हतं. वैजयंताची पेटी उघडी होती, ती पाणी प्यायला गेली होती. जी कानस कुणी हातात घ्यायची नाही असा नियम मीच केला, तीच उचलली आणि खिळीवर ओढली. साधं मऊ लोखंड. कानस सुळकन घसरली. पुन्हा ओढली, पुन्हा घसरली. सबंध वर्ष कडक पोलादावर फिरून तिचे दाते संपले होते. असं होणार हे मला कळायला हवं होतं. चांगल्या कार्यशाळेत ती दर तीन महिन्यांनी बदलतात.

मी काय केलं ते ऐका. फडक्यात गुंडाळून ती परत पेटीत ठेवली, भांडारात गेलो आणि मागणीवहीत लिहिलं: कानस, सपाट, दहा इंची, नग एक, तपासणीसाठी, जुनी निकामी. खाली तारीख, सही. आणि माझ्या हातून कर्तव्य झालं असं समजून चहा प्यायला गेलो. माझ्या कपाटात त्याच मापाच्या दोन कोऱ्या कानशी तेलकागदात पडल्या होत्या. किल्ली माझ्या खिशात. पण त्या प्रात्यक्षिक परीक्षेसाठी राखून ठेवलेल्या होत्या. बाहेरचे परीक्षक आले की त्यांच्यासमोर चांगली हत्यारं मांडायची, ही आमच्याकडची पद्धत. आदल्या वर्षी एक कानस गहाळ झाली तर मुख्याध्यापकांनी माझ्याकडून तीन खुलासे लिहून घेतले होते. पुन्हा ते नको वाटलं. मागणी मंजूर होईल, कानस येईल, तोवर काय होतंय. मला वैजयंताला बोलवून सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. पण सांगितलं की काम थांबणार, काम थांबलं की चौगुल्यांना निरोप, निरोप गेला की ते येणार, आणि बोलावं मलाच लागणार. मी थकलो होतो. यापेक्षा मोठं कारण माझ्याकडे नाही, आणि एवढ्या वर्षांत मला ते सापडलंही नाही.

त्यानंतर चौथ्या दिवसापासून चारशे जिभा तिच्या टेबलावर आल्या. मी रोज तिच्या पाठीमागून जात होतो.

शुक्रवारी चौगुले गेल्यावर तिनं कानस स्वतःच लोखंडी पट्टीवर ओढून बघितली असणार. मग नवी मागायला भांडारात गेली असणार, आणि तिथल्या शिपायानं तिला मागणीवही दाखवली असणार, की सरांनी आधीच लिहिलंय. माझं अक्षर आणि माझी तारीख. तिला तारखा वाचता येत होत्या. तेव्हा सभेत ती गप्प बसली ती हरली म्हणून नाही. मी सांगावं म्हणून गप्प बसली. दोन ओळी बोललो असतो तर पत्र तिचं होतं, आणि त्या दोन ओळी माझ्या तोंडून याव्यात एवढा मान ती मला देत होती.

ती मागणी मंजूर होऊन कानस मे महिन्यात आली. परीक्षक मार्चमध्ये येऊन गेले, चहा घेतला, हत्यारांकडे ढुंकूनही बघितलं नाही. आणि आणखी एक. सभेनंतर चार दिवसांनी, कुणी नसताना, मी कपाटातली कोरी कानस काढून नव्या तपासनिसाच्या पेटीत ठेवली आणि जुनी उचलून घेतली. चारशे जिभा पुन्हा झाल्या, पुन्हा तपासल्या, चौगुल्यांची तार आजही तशीच ताठ असेल. जयवंत शहरातल्या कारखान्यात लागला, चांगला चढला, दिवाळीला मला फोन करतो. वैजयंताचं काय झालं मी विचारलं नाही. दहावीचा निकाल फळ्यावर लागला तेव्हा शेजारच्या वहीत सुंदर अक्षरातली तिची सही दिसली, तेवढंच. रघुनाथराव रस्त्यात भेटले की पूर्वीसारखाच नमस्कार घालत. मी घरीच दाढी करायला लागलो होतो.

आता सोमवार राहिला.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी कार्यशाळेतल्या माझ्या टेबलाशी बसलो होतो. टंकलेखकाकडून पत्र आलं होतं, त्यात जयवंतचं नाव होतं, आणि ते माझ्या उजव्या कोपराशी होतं. सही व्हायची होती. वैजयंता आली. पेटी टेबलावर ठेवली, किल्ली तिच्यावर ठेवली आणि ताव समोर केला.

"पेटी जमा करते सर. ह्यावर तुमची सही लागती."

जबाबदारी सोडताना यादी करून द्यायची, ही रीतही माझीच. तीन रकाने: वस्तू, नग, स्थिती. तिनं सगळं भरून आणलं होतं. ठप्पा, एक, चांगला. हातोडी, एक, दांडा ढिला. मोजपट्टी, एक, चांगली. फडकी, दोन, एक फाटके. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, कानस, सपाट, दहा इंची, एक. पुढचा रकाना कोरा होता.

"हे राहिलं," मी म्हणालो.

"ते तुम्ही भरा सर," ती म्हणाली.

तिनं पेटी उघडली, फडकं सोडलं आणि कानस माझ्यासमोर ठेवली. खिडकीतून ऊन येत होतं. त्या उन्हात ती कानस ताटासारखी चकचकत होती. वैजयंता हात मागे बांधून उभी राहिली. बाहेर पोरं ओरडत होती. दारात जयवंत आणि सदाशिव आले, आम्हाला बघून तिथंच थांबले. मला नीट आठवतं, मी एकदा पत्राकडे बघितलं. एक शब्द लिहायचा होता. तो लिहिला असता तर ते पत्र फाडून दुसरं करावं लागलं असतं, आणि का फाडलं ते मुख्याध्यापकांना लिहून द्यावं लागलं असतं.

मी पेनचं टोपण काढलं आणि कोऱ्या रकान्यात लिहिलं, चांगली. खाली सही केली.

तिनं ताव उचलून वाचला. तेवढा एक शब्द वाचायला तिला वेळ लागला. मग तिनं कानस उचलली, नियमाप्रमाणं फडक्यात नीट गुंडाळली, टोकं आत खोचली आणि पेटीत ठेवून झाकण लावलं.

"येते सर," ती म्हणाली.